करंगळी

पहिलीच्या वर्गात तोंडाआधी
हे एक बोट बोलायला शिकतं.
उचललेली करंगळी: बाई, एकीला.
आणि मी फळ्याकडं तोंड करून,
"थांब जरा, एवढी बाराखडी होऊ दे."

हजेरीत ती राजनंदिनी भुजंग घुगे,
घरी नुसती नंदू.
बाप मानवतला जिनिंगवर,
माय टँकरमागं हंडे घेऊन.

त्या दिवशी ख ची बाराखडी
खं खः पर्यंत पोचली,
आणि शहाबादी फरशीवरून एक काळा ओघळ
माझ्या चपलेपाशी येऊन थांबला.
वर्ग हसला. समर्थनं नाक धरलं.
नंदू रडली नाही.
ओल्या जागेवर दप्तर ठेवून
त्याच्यावर बसून राहिली,
जसं काही दप्तरच मुतलं असावं.

मग ते होतच राहिलं.
पाढे म्हणताना. खो-खोत हसता हसता.
दाराआड पाय पिळून उभी राहायची,
टाचेवर गच्च दाबून बसायची,
विचारलं की, "न्हाई आली, बाई."
मायला बोलावलं तर शिवकन्यानं
माझ्यादेखत धपाटा घातला पाठीत,
"एवढी घोडी झाली, लाज कशी न्हाई हिला."

लाज होती.
लाजच तर होती सगळी.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली,
तिची बाटली. हिरवी, झाकणावर ससा.
सकाळी गळ्यापर्यंत भरलेली,
साडेचारला तशीच, गळ्यापर्यंत.
"पाणी काहून पीत नाहीस गं?"
"पेलं की येती, बाई."

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर फरहानांनी
तपासणीचा कागद बाजूला ठेवला
आणि शिवकन्याला समजेल असं सांगितलं:
लघवीत जंतू झालेत. जळजळतं, म्हणून दाबते,
दाबते म्हणून वाढतात.
पोट चार दिवस साफ नाही, तेही मागून रेटतंय.
औषध मधेच सोडू नका. पाणी तोडू नका.
दर दोन तासांनी पाठवा, आली नसली तरी.
पाय टेकवून, निवांत बसू द्या.
आणि मारू नका, ती मुद्दाम करत नाही.
मग माझ्याकडं वळून, सहज,
"शाळेत जायला जागा आहे ना?"

जागा आहे.
निळं दार, दारावर रंगवलेली हसरी मुलगी,
तिच्या गालावर कुलूप.
चावी मुख्याध्यापकांच्या कपाटात,
कारण टाकायला पाणी नाही,
कारण पोरं घाण करतात,
कारण तपासणीला चकचकीत दिसलं पाहिजे.

मी गप्प बसले.
माझ्याही पर्समध्ये एक बाटली असते.
अकरा वर्षं, सेलूहून निघताना एक घोट,
मग संध्याकाळी घराची कडी काढेपर्यंत काही नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
किंवा सगळ्यांनीच.

आता चावी खिळ्याला असते,
नंदूचा हात पुरेल एवढ्या उंचीवर.
सर कुरकुरले, चार दिवस बोलले नाहीत.
टँकर चुकला की शिपाईमामा
मोटारसायकलवर दोन कॅन आणतात, तेही कुरकुरत.
कपाटात, जिल्ह्याच्या नकाशामागं, चार चड्ड्या,
धुतलेल्या, कुणाच्याच नावाच्या नाहीत.
त्यातली एक परवा समर्थ घालून गेला.
मी कुणाला सांगितलं नाही.
नंदूनं पाहिलं. तिनंही नाही.

तिचं अजून होतं मधूनच.
गुरुवारी झालं.
पण शुक्रवारी, ग चालू असताना,
पाठीमागं कुणी उठल्याची चाहूल आली.
वळून पाहिलं तर करंगळी नव्हती,
ती सरळ खिळ्याकडं निघाली होती, न विचारता.
मी खडू ठेवला
आणि जाऊन दाराशी उभी राहिले.

ती बाहेर आली, हात फ्रॉकला पुसले,
चावी माझ्या तळहातावर ठेवली.
"बाई, तुम्हाला पण?"

आत फिनाईलचा वास होता,
पिंपात अर्धं पाणी.
मी कडी लावली.